पंगतीत आणखी एक पान: प्रस्तावना

नवी हार्ड डिस्क घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानात एकच गोष्ट विचारतं: किती टीबीची? दुकानदार तेवढंच सांगतो, पैसे घेतो आणि पुडकं हातात देतो. घरी आल्यावर कॅबिनेटची बाजू उघडायची, डिस्क खाचेत सरकवायची, चार स्क्रू पिळायचे, मदरबोर्डकडून आलेली चपटी डेटा केबल खोचायची. इथवर सगळं सुरळीत होतं. मग हात वायरींच्या जुडग्यात शिरतो आणि तिथेच घुटमळतो. एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायमधून, निघालेलं साटा पॉवरचं एक तोंड जुन्या डिस्कला गेलेलं असतं, दुसरं डीव्हीडी रायटरला. तिसरं असलंच तर ते नव्या डिस्कपासून नेमकं वीतभर लांब पडतं. ही पुस्तिका त्या वीतभर अंतराबद्दल आहे.

एवढ्याशा विषयावर पुस्तिका कशाला, असं मित्रांनी विचारलं. माझ्या कपाटात संगणकावरची मराठी पुस्तकं बरीच आहेत. त्यांत टायपिंग आहे, एक्सेल आहे, हार्ड डिस्क म्हणजे काय हेही आहे, पण ती डिस्क जेवते काय आणि तिला वाढतं कोण, याला कुणी दोन ओळींपेक्षा जास्त जागा दिलेली नाही. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र ‘डिस्क गेली’ म्हणून आलेल्या यंत्रांत डिस्क धडधाकट आणि तिची वायर आजारी, असा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला की शेवटी लिहायला बसलो.

अडचण मुळात पीसीच्याच वयाची आहे. आयबीएमचा पहिला पीसी, मॉडेल ५१५०, ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच्या पॉवर सप्लायची क्षमता होती ६३.५ वॅट. आपल्या घरातला जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, म्हणजे तो अख्खा संगणक पंख्यापेक्षा कमी विजेवर चालवायचा हिशेब होता. त्यात दोन फ्लॉपी ड्राइव्हची सोय होती, हार्ड डिस्कची नव्हती. ज्याला डिस्क हवी त्याच्यासाठी आयबीएमनेच पुढे ५१६१ नावाची वेगळी पेटी काढली. संगणकाशेजारी ठेवायची, जवळजवळ त्याच्याच आकाराची, आणि स्वतःचा पॉवर सप्लाय असलेली. एका डिस्कसाठी दुसरी चूल मांडल्यासारखंच ते. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला. त्यात १० एमबीची डिस्क होती आणि पॉवर सप्लाय एकदम १३० वॅटवर गेला होता. हा दुप्पट आकडा डिस्क आत घेण्याची किंमत सांगतो.

याच काळातली एक चीज मला फार आवडते. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या प्लस डेव्हलपमेंट या कंपनीने ‘हार्डकार्ड’ आणलं. एका लांबलचक कार्डावरच १० एमबीची बारीक चणीची डिस्क बसवलेली. कार्ड मदरबोर्डच्या खाचेत दाबायचं, की डेटाही तिथूनच आणि वीजही तिथूनच. वेगळी वायर नाही, एसएमपीएस बदलायला नको. डिस्कची भूक खाचेतून भागेल इतकी कमी ठेवली होती, सगळी हुशारी त्यात होती. आज आपण मदरबोर्डवर पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी बसवतो, तीही खाचेतूनच ३.३ व्होल्ट घेते. कल्पना जुनीच, फक्त पट्टी बोटाएवढी झाली.

तेव्हा प्रश्न खरोखर वॅटचा होता. आज तो बहुतेक घरांत राहिलेला नाही. साडेतीन इंची फिरती डिस्क चालू असताना ५ ते ८ वॅट घेते, अडीच इंची त्याहून कमी, साटा एसएसडी तर कामात असतानाही दोन-चार वॅटच्या आसपास. ज्या यंत्रात मोठं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसला आणखी दोन डिस्क म्हणजे लग्नाच्या पंगतीत ऐनवेळी वाढलेली दोन पानं. भात कमी पडत नाही. वाढपी त्या टोकापर्यंत पोहोचतो का, एवढंच पाहायचं असतं.

‘चांगल्या’ हा शब्द मी जाणूनबुजून घातला. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेलं असतं. त्या अक्षरांकडे पाहू नका. खाली बारीक कोष्टक असतं, त्यात १२ व्होल्टसमोर किती ॲम्पिअर लिहिलेत ते वाचा आणि बाराने गुणा. तिथे १४ लिहिलं असेल तर १२ व्होल्टवर मिळणारी वीज १६८ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले असतात, आणि आजच्या संगणकात तिथे खाणारे फार कमी उरलेत. आणि एसएमपीएस हातात घेऊन पाहा. वजनाला फुलासारखा लागला तर परत ठेवून द्या. ही कसोटी शास्त्रीय नाही, पण तिने मला क्वचितच फसवलं आहे.

आता जोडाकडे येतो. डिस्कला दोन दाबांची वीज लागते. पिवळ्या वायरीतले १२ व्होल्ट मोटर फिरवतात, लाल वायरीतले ५ व्होल्ट खालच्या हिरव्या सर्किटला जातात, काळ्या वायरी परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या. हे रंग पीसीच्या बालपणापासून टिकून आहेत. जुन्या डिस्कना पांढरं, चार जाड पिनांचं तोंड असे. त्याला सगळे मोलेक्स म्हणतात. मोलेक्स हे खरं तर कंपनीचं नाव. तसंच तोंड एएमपी नावाची दुसरी कंपनीही मेट-एन-लॉक या नावाने बनवत असे. पण झेरॉक्सचं जे झालं तेच मोलेक्सचं झालं, आता भांडून उपयोग नाही. ते तोंड बसवताना अंगठा दुखायचा आणि काढताना तर बोटं सोलवटायची, पण एकदा बसलं की बसलं.

२००३ पासून साटाचं तोंड आलं. (साटा म्हटलं की मला साटंलोटंच आठवतं. इथेही दोन सोयरिकी एकदम जुळवाव्या लागतात, एक डेटाची आणि एक पॉवरची.) पॉवरच्या तोंडात १५ चपट्या पिना असतात. ३.३, ५ आणि १२ व्होल्टसाठी तीन-तीन, ग्राउंडच्या पाच, आणि उरलेली एक डिस्कचं फिरू लागणं लांबणीवर टाकण्याच्या किंवा दिवा लुकलुकवण्याच्या कामाची. प्रत्येक पिनेची शिस्त दीड ॲम्पिअरची. म्हणजे १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून साडेचार ॲम्पिअर. हा साडेचारचा आकडा लक्षात ठेवा, पुढची निम्मी पुस्तिका त्याच्यावर उभी आहे.

कारण डिस्क चालताना कमी खात असली तरी उठताना अधाशासारखी खाते. स्थिर पडलेल्या थाळ्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांपर्यंत न्यायच्या असतात, त्यामुळे पहिली काही सेकंदं साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्टवर दोन ॲम्पिअरच्या आसपास खेचते. एका साटा तोंडाची दोन तोंडं करणारी वाय-केबल लावली तर चार ॲम्पिअर झाले, साडेचारच्या आत, निभावतं. तीन डिस्क लावल्या तर सहा. वायर लगेच पेटत नाही, यंत्र चालूही होतं, मालक खूश होतो, आणि रोज सकाळी त्या पहिल्या पाच-सात सेकंदांत एका चपट्या पिनेवर तिच्या ताकदीबाहेरचा भार येत राहतो. मोलेक्सच्या जाड पिनेची सहनशक्ती याहून कितीतरी जास्त. म्हणून फांद्या फोडायच्याच असतील तर त्या मोलेक्सच्या खोडावर फोडाव्यात, साटाच्या डहाळीवर नाही.

तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणारा एक ओळखीचा स्टुडिओवाला आहे. ऐन लग्नसराईत त्याचा फोन आला. “सर, तिसरी डिस्क घेतली, तीपण गेली. ही कंपनीच वाईट आहे.” फोटो कॉपी होता होता डिस्क गायब व्हायची, टक्‌ टक्‌ आवाज यायचा, यंत्र बंद-चालू केलं की परत दिसायची. त्याने पहिली बदलून आणली, दुसरीही तशीच वागली म्हणून वेगळ्या दुकानातून तिसरी घेतली. मी गेलो आणि डिस्कला हातही न लावता वायरीचा माग काढत गेलो. एसएमपीएसमधून मोलेक्स निघालेलं, त्याला वाय-केबल, त्या वाय-केबलला आणखी एक वाय-केबल, आणि तिच्या टोकाला साटाचा कन्व्हर्टर. मधल्या पांढऱ्या तोंडात पिवळ्या वायरीची पिन गव्हाच्या दाण्याएवढी मागे सरकली होती. समोरच्या पिनेला ती टेकत होती, पण धड मिठी मारत नव्हती. मी चिमट्याने ती पुढे ढकलली आणि तात्पुरतं काम भागलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाय-केबल काढून टाकल्या. आधीच्या ज्या डिस्कवर त्याने फुली मारली होती ती मी घरी आणून महिनाभर तपासली. तिला काहीही झालेलं नव्हतं. या पुस्तिकेचा मजकूर तिच्यावरच साठवलेला आहे.

पिन जेमतेम टेकली तर काय होतं, याचा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमात बसतो. समजा त्या सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला. उठताना दोन ॲम्पिअर गेले की तिथेच एक व्होल्ट गळतो. डिस्कला बाराऐवजी अकरा मिळतात. पीसीच्या पॉवर सप्लायसाठी ठरलेल्या एटीएक्स या प्रमाणानुसार पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे ११.४ च्या खाली जायला नको. शिवाय त्या टेकणाऱ्या टिचभर जागेत दोन वॅट उष्णता तयार होते. दोन वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते मोहरीएवढ्या जागेत बंद प्लॅस्टिकमध्ये कोंडले की पिन तापते. तापली की तिची स्प्रिंग ढिली होते, काळी पडते, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. तोंड पिवळसर दिसायला लागलं की समजावं, हे चक्र सुरू झालंय. वीज कमी पडली की डिस्क घाईघाईने आपलं लिहिणारं टोक बाजूला घेते, थांबते, परत उठायचा प्रयत्न करते. तो टक्‌ आवाज तिचाच. बिचारी मरत नसते, उपाशी असते.

हे डिस्क उघडून नव्हे तर विचारून कळतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दिसते. त्यात सी-झिरो क्रमांकाचा आकडा म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे टोक किती वेळा मागे घ्यावं लागलं ते. संगणक दिवसभर चालू आहे आणि तरीही हा आकडा वाढतोय, तर डिस्क बदलायला धावू नका, आधी वायर बदला. सी-सेव्हनचा आकडा वाढत असेल तर मात्र संशय डेटा केबलवर घ्यावा. दुसऱ्या प्रकरणात याची चित्रं दिली आहेत.

कन्व्हर्टरबद्दल इथेच बोलून घेतो, कारण त्या एका गोष्टीवर माझा आवाज चढतो. मोलेक्सचं साटा करणारी वायर दोन तऱ्हेची मिळते. एकीत साटाचं काळं तोंड साच्यात प्लॅस्टिक ओतून घट्ट केलेलं असतं, अगदी गुळगुळीत, सुबक. दुसरीत वायरी एकेक खाचेत दाबून मागून टोपण बसवलेलं असतं, दिसायला खडबडीत. सुबक घेऊ नका. ओतताना आतल्या तारा जागच्या हलून एकमेकींच्या अगदी जवळ आल्या तर बाहेरून कळायला मार्ग नसतो. काही महिन्यांनी आत शॉर्ट होतं, तोंड वितळतं, कधी जळतं. ही तक्रार एखाद्या गावची नाही, जगभरचे संगणक जुळवणारे ती वर्षानुवर्षं करत आले आहेत. टोपणवाल्या वायरीत निदान कोणती तार कुठे गेली ते डोळ्यांना दिसतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागाल ते मिळतं, फक्त ‘मागे टोपण उघडणारी द्या’ असं मागावं लागतं. न मागता हातात पडते ती ओतीवच.

माझ्या हातून घडलेली चूकही सांगतो. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबल दोन्ही टोकांनी निघतात. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं, कारण त्याला प्रमाण आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने पिना मांडते. तोंडाचा आकार जुळला म्हणून मी ड्रॉवरमधली दुसऱ्या बनावटीची केबल लावली. बटण दाबलं, फट्‌ झालं, आणि तो वास आला जो एकदा आला की नाक विसरत नाही. लाल वायरीत पाचाऐवजी बारा व्होल्ट गेले होते. नशीब एवढंच, की डिस्कच्या सर्किटवर दाराशीच एक डायोड राखणदार म्हणून बसवलेला असतो. दाब वाढला की तो स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि आतल्यांना वाचवतो. तो डायोड काढल्यावर डिस्क फिरली, मी रातोरात सगळा डेटा दुसरीकडे हलवला. प्रत्येकाचं असं निभावत नाही. एसएमपीएस बदलला तर त्याच्यासोबत सगळ्या केबलही बदलायच्या, हा नियम मी तेव्हापासून बूट घालण्याइतका आपोआप पाळतो.

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप घेण्याची चाल पडली आहे, आणि ती शहाणपणाची आहे. पण डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क यांच्या बऱ्याच नमुन्यांत एसएमपीएसमधून डिस्कसाठी वायर निघतच नाही. ती मदरबोर्डवरच्या छोट्या तोंडातून निघते, आणि कंपनीने मुळात एक-दोन डिस्कचाच हिशेब केलेला असतो. तिथे वायर फोडून चार फिरत्या डिस्क लावणं म्हणजे मदरबोर्डच्या तांब्याच्या बारीक रेषांतून सहा-आठ ॲम्पिअर ओढणं. जळेल ती वायर नसेल, मदरबोर्ड असेल. अशा यंत्रात जादा डिस्क हवी तर एसएसडी लावा, ती ५ व्होल्टवर चालते आणि उठताना झटका देत नाही. इंटेलने २०२० च्या सुमारास पुढे आणलेल्या एटीएक्स-१२-व्हीओ मांडणीतही एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो आणि डिस्कची वीज मदरबोर्डवरून निघते, तेव्हा हे प्रकरण फक्त जुन्या यंत्रांपुरतं समजू नये.

एक गंमत राहिली. बाहेरून लावायची मोठी डिस्क स्वस्तात घेऊन, तिचं कवच फोडून, आतली डिस्क डेस्कटॉपमध्ये बसवणारे बहाद्दर आहेत. त्यांतल्या काहींची डिस्क फिरतच नाही, आवाजही करत नाही. तिला काही झालेलं नसतं. २०१६ च्या साटा ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं: तिथे ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं. जुन्या एसएमपीएसला हे ठाऊक नाही, तो तिथे इमानेइतबारे ३.३ व्होल्ट देत राहतो, आणि डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. इलाज काय, तर पिनेवर कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी, नाहीतर ज्याला मी वर शिव्या घातल्या तो मोलेक्सचा कन्व्हर्टर. मोलेक्समध्ये ३.३ ची वायरच नसते, त्यामुळे तक्रारच उरत नाही. अर्थात टोपणवाला.

या पुस्तिकेत नसलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. सर्व्हरच्या बारा-बारा डिस्कच्या पेट्या यात नाहीत. डेटा परत मिळवण्याचे मार्गही नाहीत, तो वेगळा धंदा आहे आणि त्याचे दर वेगळे. सोल्डरिंग जाणूनबुजून टाळलं आहे. एक स्क्रू-ड्रायव्हर, एक टॉर्च आणि शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर एवढ्यात भागेल असंच सगळं ठेवलं आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणून चप्पल घालून बसणारे खूपजण मला माहीत आहेत. ‘थोडा करंट येतो’ असं ते सांगतात, जणू घरातला पाहुणा. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या गाळणीतले कपॅसिटर त्या पत्र्याला आपल्या २३० व्होल्टच्या निम्म्यावर नेऊन ठेवतात, त्याची ती खूण. शिवाय संगणक बंद केला तरी प्लग लागलेला असेपर्यंत मदरबोर्डवर जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट जिवंत असतात, आणि भिंतीवरचं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेली घरं मी मोजायची सोडून दिली आहेत. तेव्हा नुसतं बटण बंद करू नका. प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, आणि मगच पत्रा उघडा.